मदत हवी आहे – वाईचा लाकडी नकाशा, लेझर एन्ग्रेव्हिंग (लेझरने लाकडावर कोरणं)

मंडळी, आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत, त्यांना वाईचा लाकडी नकाशा करून द्यायचाय हॉलमध्ये लावायला. दोघंही तिथलेच, आईचं माहेर गणपती आळीत. ओपनस्ट्रीटमॅप या मोफत ऑनलाइन नकाशावरून रस्ते आणि कृष्णा नदी घेऊन इंकस्केप या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये एसव्हीजी (रेषाचित्राची फाइल) केलीये, ढोल्या गणपती, मेणवलीचा घाट आणि आमचं जुनं घर (तिथे छोटंसं बदाम, बाबा हसतील पण असूदे) असं मार्क केलंय. नदी आरपार कापून खाली निळा रंगवलेला दुसरा थर द्यायचा विचार आहे.

आता घोळ असा की एका दुकानात सॅम्पल काढलं ३ एमएम एमडीएफवर (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड), तर गल्ल्या इतक्या जवळ की सगळं जळून एकच काळा पट्टा झाला, कडेला धुराचे डाग, आणि त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडल्यावर 'कृष्णा'चं 'कृष् णा' झालं!! जोडाक्षरं फुटू नयेत म्हणून अक्षरं पाथमध्ये (म्हणजे नुसत्या रेषांच्या आकारात) कन्व्हर्ट करून द्यायची असं नंतर कळलं, ते करते आता. मास्किंग टेप लावून एन्ग्रेव्ह केलं की डाग पडत नाहीत म्हणतात, पण बारीक अक्षरांवरून टेपचे तुकडे काढत कोण बसणार?

बाबांना सागवान हवं असणार, पण सागाच्या रेषांमुळे एन्ग्रेव्हिंग कुठे गडद कुठे फिकं येतं ना? की बर्च प्लाय (फिकट रंगाचं प्लायवूड) घेऊ? साइज १८ बाय १२ इंच, तर बोळ ठेवू की फक्त मोठे रस्ते? पुण्यात किंवा साताऱ्यात कोणी नीट करून देणारं असेल तर सांगा प्लीज, साधारण किती घेतात तेही.