पासबुकात बिलडेस्क नावाच्या दोन एन्ट्र्या, हे नक्की कोण?

नौपाडेकर
नमस्कार मंडळी. शनिवारी बाबा (वय ७४) गोखले रोडवरून पासबुक भरून घेऊन आले आणि तेव्हापासून घरात वातावरण टाइट आहे. त्यात बिलडेस्क नावाच्या दोन एन्ट्र्या आहेत, २,३४० आणि परत २,३४०, एकाच दिवशी. बाबांचं म्हणणं, मी लाइटचं बिल भरलं, नेटबँकिंगने, महावितरणला, मग हा बिलडेस्क कोण टिकोजीराव मध्येच पैसे घेणारा. मागे त्यांना तो "आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा" वाला मेसेज आला होता, नशीब तेव्हा फोन केला नाही, पण तेव्हापासून त्यांना प्रत्येक अनोळखी नाव चोरच वाटतं. मी शोधलं तर कंपनीचं कागदावरचं नाव इंडियाआयडियाज डॉट कॉम, हे तर अजूनच संशयास्पद वाटतंय राव. खरी कंपनी आहे का? आणि महावितरण स्वतःच का नाही घेत पैसे?

ऐरोली_सेक्टर८
खरी आहे, जुनी आहे, मुंबईचीच आहे. बाबांना सांगा चहा घ्या. पण दोनदा का कापले ते बघा आधी.

वाशीचा_रिटायर्ड
मी बरीच वर्षं एका विमा कंपनीत प्रीमियम कलेक्शनला होतो, रोज सकाळी अशा मधल्या कंपन्यांच्या फायली उघडून टॅली करणं हेच काम, म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

बिलडेस्क २००० साली सुरू झाली. आर्थर अँडरसन या ऑडिट आणि सल्ला देणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेले तिघं, एम. एन. श्रीनिवासू, अजय कौशल आणि कार्तिक गणपती. तो काळ आठवा, प्रत्येक कंपनीला नावाच्या शेपटीला डॉट कॉम लावायची हौस होती, त्यामुळे ते इंडियाआयडियाज डॉट कॉम नाव, त्यात संशयाचं काही नाही. तेव्हा बिल भरायचं म्हणजे चेक लिहा, मागे ग्राहक क्रमांक आणि फोन नंबर लिहा, ड्रॉप बॉक्समध्ये टाका आणि मग शेवटच्या तारखेच्या आत वटेल ना याची काळजी करत बसा. ईसीएस, म्हणजे खात्यातून बिल आपोआप कापायची सोय, होतं पण त्याचा फॉर्म भरून बँकेचा शिक्का आणून तो मंजूर होईपर्यंत पुढची दोन बिलं येऊन जायची.

आता मधला माणूस का लागतो. समजा दहा बँका आणि दहा बिलवाल्या कंपन्या आहेत. प्रत्येक कंपनीने प्रत्येक बँकेशी वेगळा करार करून वेगळी लाइन जोडायची तर शंभर जोडण्या झाल्या. मध्ये एकजण बसला की वीसमध्ये काम भागतं. आपल्या ठाणे स्टेशनसारखंच, डोंबिवलीहून वाशीला थेट लोकल नाही म्हणून कोणी अडत नाही, ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बर पकडतो.

बाबांनी पे दाबलं तेव्हा काय झालं, तर साइटने त्यांना या मधल्याच्या पानावर सोडलं, त्याने बँकेच्या पानावर, तिथे पासवर्ड ओटीपी झालं, बँकेने पैसे कापून "झालं" असा निरोप मधल्याला दिला आणि त्याने तो पुढे ग्राहक क्रमांकासकट बिलवाल्याला दिला. पैसे मात्र त्याच क्षणी पोचत नाहीत, निरोप आधी आणि रोकड मागून, साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी सगळ्यांची मिळून एकच मोठी रक्कम येते आणि सोबत कोणाचे किती याची यादी. पासबुकात बँक नाव छापते ते ज्याला तिने पैसे दिले त्याचं, म्हणून बिलडेस्क. ती यादी आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवणं म्हणजे आमचं रेको. हजारात दोन-चार एन्ट्र्या लटकलेल्या असायच्याच, पैसे कापले गेले पण निरोप वाटेत पडला, आणि मग दुपारी ज्याचे अडकलेत त्याचा फोन, तोही तारस्वरात 😀

ऐरोली_सेक्टर८
पण म्हणजे आपले पैसे एक रात्र खाजगी कंपनीच्या खिशात? तिनेच गाशा गुंडाळला तर?

वाशीचा_रिटायर्ड
खिशात नाही, एस्क्रो खात्यात, म्हणजे दुसऱ्याचे पैसे पुढे पोचेपर्यंत ठेवायच्या वेगळ्या खात्यात. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये पेमेंट ॲग्रीगेटरचे, म्हणजे अशा मधल्या कंपन्यांचे, नियम काढले, जो दुसऱ्याचे पैसे हाताळतो त्याने परवानगी घ्यायची, शेड्युल्ड कमर्शियल बँकेत वेगळं एस्क्रो खातं ठेवायचं, स्वतःच्या धंद्याचे पैसे त्यात मिसळायचे नाहीत. नेटवर्थची (मालमत्ता वजा देणी) अटसुद्धा आहे, अर्ज करताना १५ कोटी आणि तीन वर्षांत २५ कोटी. आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्डाचा पूर्ण नंबर दुकानदाराने किंवा मधल्याने साठवून ठेवायचा नाही, त्याच्या जागी टोकन, म्हणजे बदली नंबर.

घणसोली_एक्सप्रेस
काका मस्त लिहिलंत. पण बिलडेस्क आता त्या दुसऱ्या पेमेंट कंपनीची, पेयूची ना? न्यूज वाचल्याचं आठवतंय, केवढी तरी मोठी डील होती.

पाचपाखाडी_पंटर
नाही भावा, तो साखरपुडा मोडला. ऑगस्ट २०२१ ला पेयूवाल्या प्रोससने, नेदरलँडची कंपनी, ४.७ अब्ज डॉलरला घेतो म्हणून जाहीर केलं. कॉम्पिटिशन कमिशनची मंजुरी यायला सप्टेंबर २०२२ उजाडला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्रोससने सांगितलं की ठरलेल्या अटींपैकी काही ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण झाल्या नाहीत म्हणून करार रद्द. मध्ये जगभरात टेक कंपन्यांचे भाव गडगडले होते, त्यामुळे ज्याला त्याला जे समजायचं ते समजलं. सिट्रस पे ही आणखी एक पेमेंट कंपनी मात्र पेयूने आधी घेतलेली, २०१६ ला, १३ कोटी डॉलरला.

घणसोली_एक्सप्रेस
ओके चुकलो. पण मग एक सांगा, आता पानवाल्याकडे पण क्यूआर आहे, यूपीआय असताना यांना कोण विचारतं?

पाचपाखाडी_पंटर
यूपीआय हा रस्ता झाला. पण कोणत्या ग्राहकाचं बिल, किती, आधी भरलंय का, हे आणून दाखवणं आणि भरल्यावर त्याच्या नावावर चढवणं हे काम राहतंच. फोनपे गूगल पेमध्ये ग्राहक क्रमांक टाकला की बिल आपोआप येतं ना, ते भारत बिलपेमुळे, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचं, २०२१ पासून त्याची वेगळी कंपनी आहे. त्यात एका टोकाला बिलवाल्याची बाजू बघणारी संस्था आणि दुसऱ्या टोकाला गिऱ्हाइकाची, आणि बिलडेस्क त्यातसुद्धा आहे. क्रेडिट कार्डाचं बिलसुद्धा जुलै २०२४ पासून याच मार्गाने घ्यायचं ठरलं. खरी अडचण कमाईची आहे, जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिटवर एमडीआर शून्य, म्हणजे दुकानदाराकडून टक्का घ्यायचा नाही. सगळे क्रेडिट कार्ड, ईएमआय, ऑटोपे (दर महिन्याला आपोआप पैसे कापणं) असल्या गोष्टींकडे का पळतायत ते यावरून कळेल. बिलडेस्कने ऑटोपेसाठी एसआय हब नावाची सेवा काढली तीही आरबीआयचा ऑटोपेचा नवा नियम लागू झाला त्या सुमारास, ऑक्टोबर २०२१ ला, तेव्हा कितीतरी लोकांचं ओटीटीचं सबस्क्रिप्शन फटाफट बंद पडलेलं.

नौपाडेकर
अपडेट. साइटवर ग्राहक क्रमांक टाकून पेमेंट हिस्ट्री काढली तर दोन्ही २,३४० जमा दिसतायत!! बाबांना खोदून खोदून विचारलं तेव्हा कबूल केलं की पहिल्यांदा पान गोल गोल फिरत राहिलं म्हणून त्यांनी बंद केलं आणि पुन्हा पहिल्यापासून भरलं. हे शनिवारपासून सांगितलं नव्हतं. आता दुसऱ्याचा रिफंड कोणाकडे मागू, बँक का बिलडेस्क? कुठेतरी १०० रुपये दिवसाला भरपाई मिळते असं पण वाचलं.

वाशीचा_रिटायर्ड
ते १०० रुपये तुम्हाला लागू नाहीत. सप्टेंबर २०१९ चं सर्क्युलर आहे, पैसे कापले पण समोरच्याला पोचलेच नाहीत तर ऑनलाइन पेमेंटमध्ये पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे रोज शंभर. तुमचे दोन्ही पोचलेत, त्यामुळे मधल्याच्या दृष्टीने विषय संपला. जास्तीचे पुढच्या बिलात वळते होतील, बिलावर रक्कम मायनसमध्ये दिसेल. पुढच्या वेळी पान फिरत राहिलं तर अर्धा तास थांबून आधी बँक बॅलन्स आणि हिस्ट्री बघायची, मग हात लावायचा. आणि कस्टमर केअरचा नंबर सर्च करून लावू नका कृपा करून, त्यात खोटे नंबर असतात, बिलावर छापलेलाच लावा.

ऐरोली_सेक्टर८
म्हणजे पुढच्या महिन्यात बाबांना लाइट फुकट 😂

नौपाडेकर
तेच सांगितलं त्यांना. त्यावर म्हणाले, व्याज कोण देणार?