मदत हवी: आजोबांच्या ट्रंकेतल्या या वस्तू कशाच्या? (रविवारी भंगारवाला येणारे)

माळवदकर:
नमस्कार मंडळी. अंबाजोगाईच्या जुन्या घराचं माळवद उतरवायला घेतलंय. त्यात आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. आजोबा एका देशमुखांच्या मोटारीवर ड्रायव्हर होते, त्यांच्यामागं या ट्रंकेला कुणी हात लावला नव्हता. काकांचं मत, "पितळ तेवढं बाजूला काढ, बाकीचं लोखंडात घाल." मला काही जीव होईना. तीन वस्तूंचा पत्ता लागत नाही.

पहिली, वीतभर पितळी नळकांडं. एका टोकाला बाहेरून आटे. दुसऱ्या टोकाला कापडी विणीची लांब रबरी नळी, तिच्या शेवटी सायकलच्या पंपाला असतो तसला चाप. नळकांड्याच्या अंगाला बारीक छिद्रं, उलटं केलं की आत काहीतरी सरकून टक् वाजतं. मला फवारणीचा पंप वाटला. पाहुण्यांनी हुक्का ठरवला.

दुसरी, पट्टीसारखी चपटी लोखंडी पेटी. चाकूचं पातं मिटावं तसा आत एक नारिंगी हात मिटलेला. त्यात इवलासा बल्ब, बाजूला 12 व्होल्ट लिहिलंय.

तिसरा साधा पाना, पण त्याच्यावर 1/4 W कोरलंय आणि एक बाणाची खूण आहे. पाव इंच म्हणजे सहा मिलीमीटरच्या थोडं वर. इथं तोंड मोजलं तर 13.3! तेराचा नट ढिला, चौदाचा जात नाही. करणाऱ्यानं आकडाच चुकवला का काय?

पाना_पक्कड:
आकडा बरोबर आहे, तुम्ही मोजलं चुकीच्या जागी. W म्हणजे व्हिटवर्थ, जुनं इंग्रजी माप. त्यात पान्यावर तोंडाची रुंदी लिहीत नाहीत, बोल्टच्या दांड्याची जाडी लिहितात. दांडा पाव इंच, पण त्याचं डोकं 0.525 इंच, म्हणजे तुमचे 13.3. आमच्या गॅरेजात नवा पोऱ्या आला की या पान्यावर एकदा तरी फसतोच. बाण म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या मालाची खूण. लढाई संपल्यावर असला माल लिलावात बराच निघाला. पाना मोडीत घालू नका, जुन्या इंजिनावर दुसरा बसत नाही.

तिफण:
पेटीचं मी सांगतो, लहानपणी पाहिलंय. तो सिग्नल आहे. लुकलुकणारे दिवे यायच्या आधी जुन्या मॉरिससारख्या गाड्यांना दोन दारांच्या मधल्या खांबात हे बसवलेलं असायचं. ड्रायव्हरनं बटण दाबलं की आतलं विजेचं गुंडाळं हात वर ओढायचं आणि त्यातला दिवा लागायचा. ज्या बाजूचा हात वर, त्या बाजूला गाडी वळणार. बरेचदा अडकायचा. मग आत बसलेल्यानं खांबाला एक गुद्दा घालायचा. आमच्या गावच्या मोटारीत ते काम माझ्याकडं होतं, त्यामुळं मी कायम खांबाशेजारी!

माळवदकर:
दोघांचेही आभार. पितळी नळकांड्याचं कुणी सांगेल का? काकांनी तराजू काढलाय.

प्लगपाना:
काकांना म्हणावं, तराजू ठेवा. तो टायरात हवा भरायचा पंप आहे, इंजिनावर चालणारा. वाटेत टायर बसलं की इंजिनात ठिणगी पाडणारा एक प्लग काढायचा, त्या भोकात हे नळकांडं आवळायचं, चाप टायरच्या व्हॉल्व्हला लावायचा आणि गाडी बाकीच्या सिलिंडरांवर सुरू ठेवायची. इंजिन फडफडतं, पण चालतं. सिलिंडरातल्या दाबानं नळकांड्यातला मोठा दट्ट्या ढकलला जातो, तो धाकट्या दट्ट्याला ढकलतो, आणि टायरात जाते ती छिद्रांमधून ओढलेली बाहेरची हवा. पेट्रोलचा वास टायरात जात नाही, खरी गंमत ती आहे.

खात्री करायची तर आट्यांची जाडी मोजा. 14 मिलीमीटर भरले तर जुन्या पेट्रोल जीपचा प्लग हातात धरून ताडून बघा. त्याहून जुन्या बऱ्याच गाड्यांना 18 चे असायचे. चालवून बघणार असाल तर सुटलेल्या प्लगची वायर मोकळी लोंबू देऊ नका. प्लग तिलाच जोडून इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेवा, पण उघड्या पेट्रोलपासून लांब. डिझेल ट्रॅक्टरवर बसवायला जाऊ नका, तिथं प्लगच नाही.

माळवदकर:
बसला! मामांच्या जुन्या पेट्रोल जीपवर आज सकाळी. आटे 14 चेच, प्लगच्या जागी हातानं फिरत गेलं. टायरला लावलं, मामांनी हँडल मारलं. जीप तीन सिलिंडरांवर थरथरत उभी आणि गल्लीतली सगळी पोरं गोळा. पण हवा टायरात जायच्या ऐवजी छिद्रांमधून फुसफुस बाहेर यायली. आतला चामड्याचा वॉशर वाळून कडक झालाय, बोटानं दाबला तर चक्क तुकडा पडला.

काकांनी तराजू आत नेऊन ठेवला. तेच विचारायलेत, असला वॉशर मिळतो का कुठं?

पाना_पक्कड:
आयता कशाला शोधता, रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपाचा चामडी वॉशर आणा, मापाला कापून घ्या. रात्रभर एरंडेलात बुडवून ठेवा, मग घाला. वॉशर वाटीसारखा असतो, बसवताना त्या वाटीचं तोंड दाबाच्या बाजूला, नाहीतर परत फुसफुस.