मालिकेचा करार आणि कोऑर्डिनेटरचं कमिशन: सही करण्याआधी मदत हवी आहे

मंडळी नमस्कार,

मी नाशिकची. कॉलेजात एकांकिका, मग हौशी राज्य नाट्य स्पर्धा, आणि सध्या आमच्या ग्रुपच्या एका नाटकाचे प्रयोग चालू आहेत. आता एका मराठी मालिकेत नायिकेच्या बहिणीची भूमिका मिळाली आहे. ऑडिशन आणि लुक टेस्ट दोन्ही झालं. शूटिंग ठाण्यात, घोडबंदर रोडला. बाबांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलंसुद्धा. पुढच्या सोमवारी दोन कागदांवर सही करायची आहे आणि आमच्या घरात या क्षेत्रातलं कुणीच नाही.

पहिला कागद कोऑर्डिनेटरचा. ऑडिशनला माझं नाव त्यांनीच पाठवलं, त्याची मला पूर्ण जाणीव आहे. वीस टक्के कमिशन मागितलंय, त्याला माझी ना नाही. पण करार तीन वर्षांचा आहे आणि कमिशन 'कलाकाराला मिळणाऱ्या सर्व कामांवर, मग ते कोणाहीमार्फत आलेले असो'. म्हणजे आमच्याच ग्रुपच्या नाटकाच्या नाइटमधूनही (प्रत्येक प्रयोगाच्या मानधनातूनही) वीस टक्के द्यायचे? शिवाय मानधन आधी त्यांच्या खात्यात जाणार, आणि करार संपल्यावरही वर्षभर कुठलंही काम घेण्याआधी त्यांना विचारायचं.

दिवसाचे साडेतीन हजार ठरलेत. त्यातून टीडीएसचे 350 आणि कमिशनचे 700 गेले की हातात 2450. टीडीएस विवरणपत्र भरून परत मागता येईल, हे मला कळतं. पण पैसे 90 दिवसांनी मिळणार आणि ठाण्यातल्या खोलीचं डिपॉझिट आत्ता द्यायचंय.

दुसरा कागद निर्मिती संस्थेचा, सगळा इंग्रजीत. महिन्याला किती दिवस काम देणार याचा आकडा कुठेच नाही, मी मात्र पूर्ण वेळ उपलब्ध राहायचं. ते माझा ट्रॅक, म्हणजे माझ्या पात्राचं कथानक, कधीही बंद करू शकतात. मी सोडायचं म्हटलं तर तीन महिन्यांची नोटीस, नाहीतर पाच लाख भरपाई. आणि नाटक, जाहिरात, वेब सिरीज यातलं काहीही त्यांच्या लेखी परवानगीशिवाय करायचं नाही.

मला सगळ्यात जास्त त्रास या शेवटच्या अटीचा होतोय. नाटक सोडून मालिका करायची, असं मी कधीच ठरवलं नव्हतं. नवख्या मुलीने अशा अटी बदलून मागितल्या तर भूमिका जाते का? कुठल्या अटीवर अडून बसावं आणि कुठली सोडून द्यावी? ज्यांनी अशा सह्या केल्या आहेत त्यांनी कृपया सांगा.

– रंगवाट

प्रतिसाद: तिसरी घंटा

रंगवाट, आधी अभिनंदन! मी बरीच वर्षं मालिका आणि नाटक दोन्ही करतोय. मराठीत हे सर्रास चालतं. शनिवार-रविवारच्या प्रयोगांना प्रॉडक्शनवाले सांभाळून घेतात, पण ते आधी बोललेलं असेल तरच. चालू नाटकाचं नाव करारात घालून घे आणि 'आधी कळवलेल्या प्रयोगांच्या तारखा मोकळ्या ठेवल्या जातील' एवढं एक वाक्य माग. ही मागणी सगळेच नाटकवाले करतात, त्यात गैर काही नाही. तोंडी 'बघू, ॲडजस्ट करू' यावर थांबू नकोस.

90 दिवसांची पद्धत टीव्हीत रुळलेली आहे, ती तुझ्यासाठी कुणी बदलणार नाही. पण दिवस कधीपासून मोजायचे ते विचार: शूटच्या तारखेपासून, महिनाअखेरच्या बिलापासून, की प्रक्षेपणापासून? यात महिना-दीड महिन्याचा फरक पडतो. रोजचा कॉल टाइम (सेटवर बोलावल्याची वेळ) आणि पॅक अप (काम संपल्याची वेळ) एका वहीत लिहून ठेव. शिफ्ट बारा तासांची धरतात, त्यापुढे थांबवलं तर बोलायला तुझ्याकडे काहीतरी हवं. महिन्याला किमान किती दिवस देणार हेही विचार. नवीन कलाकाराला ते सहसा देत नाहीत, पण विचारल्याने भूमिका जात नाही.

आणि पैसे थेट तुझ्याच खात्यात. यावर मात्र अडून बस. पैसे आले की कमिशन तू द्यायचं. अंधेरीला सिंटाचं, म्हणजे कलाकारांच्या संघटनेचं ऑफिस आहे. सभासद झालीस की मानधन थकल्यावर तक्रार तिथे नेता येते.

प्रतिसाद: पक्षकार

मी वकिली करते. कागद न पाहता पक्कं मत देता येणार नाही, पण तीन गोष्टी सांगते.

करार संपल्यानंतरची वर्षभराची अट फारशी टिकणारी नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार कुणाला व्यवसाय करण्यापासून रोखणारी अट त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरते. आपल्या श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानचं प्रकरण याच धर्तीचं होतं. मॅनेजमेंट कंपनीशी असलेला करार संपल्यावरही नवा प्रस्ताव आधी त्यांच्यासमोर ठेवण्याची अट होती. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये ती कंपनीला लागू करून दिली नाही. करार चालू असतानाची बंधनं मात्र न्यायालयं बरेचदा मान्य करतात. त्यामुळे नाटकाची सूट आत्ताच, सहीआधी घ्या.

पाच लाखांच्या आकड्याने घाबरून जाऊ नका. कलम 74 प्रमाणे करारातला आकडा ही कमाल मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. तरी नोटिशीची अट दोन्ही बाजूंना सारखी मागा.

कमिशनच्या वाक्यात 'कोऑर्डिनेटरने मिळवून दिलेल्या कामांवर' एवढाच बदल सुचवा. आणि सही केलेली एक प्रत त्याच दिवशी ताब्यात घ्या.

प्रतिसाद: रंगवाट

दोघांचे मनापासून आभार. आज कोऑर्डिनेटरशी बोलले. पैसे थेट माझ्या खात्यात यायला ते तयार झाले, नाटकावरचं कमिशनही सोडलं. जाहिरातींवरचं मात्र सोडत नाहीत, त्या कुणीही आणल्या तरी. मुदत तीनऐवजी एका वर्षावर आणली तर हे मान्य करावं का? प्रॉडक्शनकडे नाटकाच्या तारखांबद्दल ईमेल केला आहे, उत्तर यायचंय. सोमवारपर्यंत आलं नाही, तर सही पुढे ढकलायला सांगणं योग्य दिसेल का, हेही कृपया सांगा.