सल्ला हवा: मॉरिशसच्या दक्षिण किनाऱ्याची एका दिवसाची सहल, सोबत सासू-सासरे

दीपमाळ

नमस्कार. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी, माझे यजमान आणि सासू-सासरे असे चौघे मुंबईहून मॉरिशसला जात आहोत. मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लाक येथे आहे. सासऱ्यांनी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला असल्यामुळे, "ज्वालामुखीच्या बेटावर जाऊन नुसते पांढऱ्या वाळूत बसायचे असेल तर मी घरीच बरा," असे त्यांनी आधीच बजावले आहे. त्यांना लाव्हाचा काळा किनारा पाहायचा आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या सपाटीवर अर्धा तास सहज चालतात, पण पायऱ्या आणि खडबडीत उतार त्यांना जमत नाहीत.

हॉटेलने 'दक्षिण सहल' या नावाने बसची एक दिवसाची सहल सुचवली आहे. तिच्या यादीत क्युरपिप येथील विवर, जहाजांच्या प्रतिकृतींचा कारखाना, गंगा तलाव, दरीचे दृश्य दाखवणारी एक जागा, शामारेलचा धबधबा, रंगीत माती आणि रमची भट्टी अशी ठिकाणे आहेत. या यादीत समुद्र नेमका कोठे आहे, हे मला कळलेले नाही. ही सहल घ्यावी, की मार्गदर्शक-चालकासह स्वतंत्र गाडी ठरवावी? कोणती ठिकाणे ठेवावीत आणि कोणती गाळावीत? दोघेही ज्येष्ठ शाकाहारी आहेत, तेव्हा दुपारच्या जेवणाबद्दलही सांगावे.

खलाशी

आपली शंका अगदी रास्त आहे. आम्ही दोन वर्षांपूर्वी अशीच बसची सहल घेतली होती. तिच्या नावात 'दक्षिण' असले, तरी दिवसाचा बहुतेक भाग बेटाच्या मधल्या पठारावरच गेला. सकाळी तीन हॉटेलांतून माणसे गोळा करण्यात सव्वा तास मोडला. त्यानंतर प्रतिकृतींच्या दुकानात आम्ही जवळजवळ दीड तास होतो, कारण बसमधील एका कुटुंबाला एक गलबत पसंत पडले आणि ते बांधून घेण्याचे काम संपेपर्यंत बाकीच्यांनी गल्ल्याजवळच्या बाकावर बसून वाट पाहिली. विवरापाशी पोहोचलो तेव्हा धुके उतरले होते. समुद्र दिसला तो परतीच्या वाटेवर, खिडकीतून. दोष एका कंपनीचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण यादी सगळीकडे साधारण हीच असते. मात्र आपल्या सासऱ्यांनी घातलेली अट ही यादी पुरी करत नाही.

शेवगा

मी नोकरीनिमित्त सहा वर्षे मॉरिशसला होतो आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हा किनारा दाखवण्याचे काम माझ्याकडेच असे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी स्वतंत्रच ठरवा. चौघांना एक मोटार पुरते आणि भाडे माणशी न ठरता गाडीमागे दिवसाचे ठरते. बोलणी करताना तीन गोष्टी आधीच लेखी कळवा: कोणत्या ठिकाणी थांबायचे त्याची यादी, कोणत्याही दुकानात किंवा कारखान्यात जायचे नाही ही सूचना, आणि चालकाचे जेवण व प्रवेशशुल्क भाड्यात धरले आहे की नाही याचा खुलासा. बरेच चालक हिंदी समजतात. वयस्कर चालक भेटला तर तो भोजपुरीही बोलेल आणि सासऱ्यांच्या गप्पा रंगतील.

दिवसाची दिशा पूर्वेकडून पश्चिमेकडे ठेवा. सकाळी लवकर निघून थेट दक्षिण किनाऱ्यावरचे सूयाक गाव गाठावे आणि तेथून किनाऱ्याच्या रस्त्याने नैर्ऋत्य टोकाच्या ल मोर्न डोंगराकडे परतावे, म्हणजे संध्याकाळी तुम्ही पश्चिम किनाऱ्यावर, मुक्कामाच्या जवळ असता. ऑगस्टमध्ये तेथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, हे ध्यानात ठेवून वेळ मोजा. हा ऊसतोडणीचा हंगाम असल्याने अरुंद रस्त्यांवर उसाच्या गाड्यांमागे रखडण्याचीही तयारी ठेवावी. रखडलात तर शेतांत नजर टाका: ऊस लावण्यासाठी जमिनीतून वेचून काढलेले काळे दगड जागोजागी ढिगांनी रचून ठेवलेले दिसतील, आणि त्यांतले काही ढीग घराएवढे उंच आहेत. मार्गदर्शक सहसा त्यांच्याबद्दल बोलत नाहीत, पण ही जमीन लाव्हाची आहे हे त्याहून सोप्या रीतीने कोणी सांगू शकणार नाही.

सूयाकचा ग्री ग्री हा सासऱ्यांसाठी मुख्य थांबा समजा. बेटाभोवती प्रवाळाची जी तटबंदी आहे, ती येथे तुटलेली आहे, त्यामुळे खुल्या हिंदी महासागराच्या लाटा सरळ काळ्या कड्यावर येऊन आदळतात. बेटाच्या बहुतेक किनाऱ्यावर समुद्र तळ्यासारखा निवांत असतो आणि येथे मात्र त्याचा आवाज गाडीचे दार उघडण्याआधीच कानावर येतो. गाडी कड्याच्या माथ्याजवळपर्यंत जाते आणि वरचा भाग हिरवळीचा व सपाट आहे, तेव्हा सासूबाईंना काही त्रास होणार नाही. खाली वाळूत जाणाऱ्या पायऱ्या त्यांनी टाळाव्यात. पाण्यात मात्र कोणीच उतरू नये; तशा सूचनेचे फलक तेथे आहेत आणि ते शोभेसाठी लावलेले नाहीत. ऑगस्टमध्ये आग्नेयेकडून वारा जोरात वाहतो. माझ्या वडिलांची टोपी पहिल्याच मिनिटाला गेली आणि चष्म्यावर खारट तुषारांचा असा थर बसला की ते तो पुसण्यातच गुंतून राहिले. कानटोपी आणि चष्म्यासाठी सुती रुमाल घ्यावा.

तेथून कड्याच्या कडेने दहा मिनिटांवर 'रडणारा खडक' आहे. लाट ओसरल्यावर खडकाच्या अंगावरून पाणी ओघळते, म्हणून ते नाव पडले. वाट उंचसखल असल्याने तेथे सासऱ्यांनी चालकासोबत जावे आणि सासूबाईंनी माथ्यावरच थांबावे.

रोशेस्टर धबधबा सूयाकच्या जवळच असला, तरी तो मी गाळेन. त्याच्या खांबांसारख्या उभ्या दगडी रचना पाहण्याजोग्या आहेत हे खरे, पण वाट उसाच्या शेतातून खाचखळग्यांची आहे आणि शेवटचे दगड निसरडे असतात.

पुढे किनाऱ्याने पश्चिमेकडे निघाल्यावर बे द्यु कापच्या खाडीजवळ मॅकोंद नावाचे एक वळण लागते, जेथे रस्ता अक्षरशः काळ्या कातळाच्या टोकाला वळसा घालून जातो. वरच्या सज्जावर चढायला थोड्या पण उभ्या पायऱ्या आहेत. वर न चढताही ते वळण सुंदरच दिसते. फक्त गाडी उभी करायला जागा थोडी आहे, म्हणून गर्दी असेल तर आग्रह धरू नये. याच खाडीत १८०३ साली इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्स गळक्या गलबतातून मदतीच्या आशेने आला. बेट तेव्हा फ्रेंचांकडे होते आणि इंग्लंडशी युद्ध चालू असल्यामुळे त्यांनी त्याला १८१० पर्यंत अडकवून ठेवले. त्याचे स्मारक रस्त्यालगतच आहे.

शेवटी ल मोर्न. समुद्रातून सरळ वर आलेला हा ५५६ मीटर उंचीचा डोंगर २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण तो त्याच्या देखाव्यासाठी नव्हे. मालकांच्या तावडीतून निसटलेले गुलाम या डोंगरावर लपून राहत. १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याची बातमी घेऊन आलेल्या तुकडीला पाहून, आपल्याला पकडायला आले असे समजून अनेकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी लोकस्मृती आहे. पायथ्याशी त्यांचे स्मारक उभारले आहे. मार्गदर्शकाला तेथे थांबायला आवर्जून सांगा, कारण बहुतेक गाड्या तेथून न थांबता पुळणीकडे जातात.

काळाकातळ

मी भूशास्त्राचा अभ्यासक आहे, म्हणून सासऱ्यांसाठी दोन गोष्टी जोडतो.

वाहता लाव्हा समुद्राला मिळताना पाहण्याची त्यांची अपेक्षा असेल, तर ती मॉरिशसला पुरी होणार नाही, कारण येथील ज्वालामुखी थंड आहेत. जागृत आहे तो शेजारच्या रीयुनियन बेटावरचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी. मात्र भूगोलाच्या शिक्षकाला खरा आनंद व्हावा असा संबंध वेगळाच आहे. आज रीयुनियनखाली असलेल्या ज्या तप्त स्थानामुळे (म्हणजे पृथ्वीच्या पोटातून शिलारस वर येत राहतो अशा जागेमुळे) मॉरिशस सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी समुद्रातून वर येऊ लागले, त्याच स्थानावरून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचे भूखंड उत्तरेकडे सरकत होते आणि तेव्हा बाहेर पडलेल्या लाव्हाचे थर म्हणजे आपला दख्खनचा पठारी प्रदेश. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी कोरलेला जो काळा खडक आपण पाहतो, त्याचे आणि ग्री ग्रीच्या कड्याचे मूळ घर एकच आहे.

याच कारणाने मी हॉटेलच्या यादीतले शामारेल मात्र ठेवीन, जरी ते किनाऱ्यावर नसले तरी. ल मोर्नच्या वाटेवरून थोडे आत वळले की ते येते. तेथील लाल, तपकिरी, जांभळट टेकड्या म्हणजे पावसापाण्याने कुजलेला बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडकच आहे. विरघळणारे घटक वाहून गेले आणि लोखंडाची व ॲल्युमिनिअमची संयुगे मागे राहिली. कोकणातला जांभा साधारण याच क्रियेने तयार होतो. रंगीत मातीभोवतीची वाट सोपी आहे, त्यामुळे सासूबाईही ती पाहू शकतील.

चहाबाज

जेवणाची चिंता करू नये. तेथील 'धोल पुरी' म्हणजे भरडलेली शिजवलेली डाळ भरून लाटलेली पातळ, मऊ पोळी असते. तिच्यात वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रस्सा आणि चटणी घालून ती कागदात गुंडाळून देतात. आपल्या पुरणपोळीने गूळ सोडला तर कशी लागेल, तशी ती लागते. ती जोडीनेच विकली जाते, म्हणून "चार" मागताना चार जोड्या आल्या तर दचकू नका. रस्सा घालण्याआधी त्यात मासळी किंवा मांस नाही ना, हे एकदा विचारावे. या पुऱ्या दुपारनंतर संपतात. सूयाकमध्येच घेऊन डब्यात ठेवाव्यात, कारण तेथून ल मोर्नपर्यंतच्या किनाऱ्यावर शाकाहारी माणसाचे हाल होऊ शकतात.

दीपमाळ

सर्वांचे मनापासून आभार. हरिहरेश्वरचा परिच्छेद मी सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला आणि कपाटातून नकाशांचे पुस्तक काढले.

आणखी दोन शंका आहेत. एका चालकाने पाठवलेल्या पत्रकावर ल मोर्नजवळ 'समुद्राखालचा धबधबा' दाखवला आहे. तो कोठून दिसतो? आणि त्याने 'सुफ्लर' नावाची, खडकातून पाण्याचे कारंजे उडणारी एक जागा सुचवली आहे. ती घ्यावी का?

शेवगा

समुद्राखालचा धबधबा किनाऱ्यावरून दिसत नाही. उथळ पाण्यातली वाळू आणि गाळ खोल कडेकडे ओढला जातो आणि वरून पाहताना पाणीच कोसळत असल्याचा भास होतो. तो पाहायचा तर हेलिकॉप्टर किंवा लहान विमान हवे, आणि त्याचा खर्च तुमच्या गाडीच्या भाड्याच्या कित्येक पट होईल. पत्रकावर ते चित्र घालून मोटारीची सहल विकणाऱ्या चालकाला मी एक प्रश्न जरूर विचारीन, आणि उत्तर गुळमुळीत आले तर दुसरा चालक पाहीन.

सुफ्लर आणि त्याच्या जवळचा नैसर्गिक पूल ही दोन्ही ठिकाणे सूयाकच्याही पूर्वेला आहेत. खडक झिजत गेल्यामुळे कारंजे आता पूर्वीसारखे उंच उडत नाही आणि समुद्र खवळलेला असेल तरच ते नीट दिसते. नैसर्गिक पूल मात्र भव्य आहे. लाटांनी कड्याखालची पोकळी कोरत नेली आणि वरची कमान तेवढी उरली. पण शेवटचा रस्ता उसाच्या मळ्यांमधून दगडधोंड्यांचा आहे आणि साध्या मोटारीचे तळ घासते. गुडघ्यांचा विचार करता मी ही जोडी सोडून देईन, आणि तो वेळ ग्री ग्रीला जास्त बसण्यात घालवीन.

दीपमाळ

मग चालकाला पाठवण्याचा मजकूर असा ठरवला आहे: "रविवारी सकाळी साडेसातला निघणे. पहिला थांबा ग्री ग्री, दीड तास. सूयाकमध्ये धोल पुरी घेणे. किनाऱ्याच्या रस्त्याने मॅकोंद, जागा असेल तरच थांबणे, आणि फ्लिंडर्सचे स्मारक. त्यानंतर शामारेलची रंगीत माती. साडेचारपर्यंत ल मोर्नचे स्मारक व पुळण, सूर्यास्तानंतर परत. कोणतेही दुकान, कारखाना किंवा रमची भट्टी नाही." यात काही राहिले आहे का?

खलाशी

दुकानांचे वाक्य सर्वांत वर घ्यावे.

शेवगा

मजकूर उत्तम आहे, फक्त रविवार बदला. त्या दिवशी सारे बेट टोपले, पातेली, ढोलकी आणि आजी-आजोबांसह पुळणीवर येते. ते पाहण्यात मौज आहे, पण ल मोर्नला गाडी दूर लावावी लागेल आणि सासूबाईंना वाळूतून लांब चालावे लागेल. शिवाय रविवारी पुऱ्यांच्या गाड्या कोठे उभ्या असतील, याचा भरवसा नसतो. मंगळवार किंवा बुधवार ठरवा आणि आदल्या संध्याकाळी चालकाला फोन करून दक्षिणेकडच्या पावसाचा अंदाज विचारा. फ्लिक-आँ-फ्लाकला लख्ख ऊन असताना सूयाकला सरी कोसळत असतात, आणि तसे असेल तर एक दिवस पुढे ढकलण्याची मुभा मजकुरातच मागून ठेवा.