शब्दचर्चा: तरंगफलन म्हणजे वस्तू की हिशेब?

प्रश्न: पुंजयामिकीत (क्वांटम मेकॅनिक्समध्ये) कणांची अवस्था ज्या गणिती फलनाने मांडतात, त्या तरंगफलनाला ‘संभाव्यतेची लाट’ म्हणावं का? आणि ते ‘खरंच असतं’ असं लिहिता येईल का?

उत्तर: ‘लाट’ टाळा. एका इलेक्ट्रॉनपुरतं ते चित्र निभावतं. हेलियमच्या अणूत दोन इलेक्ट्रॉन आले की स्थानाचेच सहा चल लागतात. कण जितके, त्याच्या तिप्पट. अशी लाट आपल्या तीन मितींत पसरलेली दाखवता येत नाही. शिवाय साय (ψ, तरंगफलनाचं चिन्ह) म्हणजे संभाव्यता नव्हे. तिची किंमत संमिश्र संख्या (वास्तव आणि काल्पनिक भाग मिळून होणारी) असते. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बोर्न यांच्या १९२६ च्या नियमानुसार तिच्या निरपेक्ष मूल्याचा वर्ग संभाव्यतेची घनता देतो. निरपेक्ष मूल्य न घेता नुसताच वर्ग केला तर उत्तर सहसा संमिश्रच राहतं. ही चूक फार दिसते.

पुरवणी: ‘खरं’ हे विशेषण लावायचंच तर ‘अवस्था’ या शब्दाला लावा, ‘फलना’ला नको. सायला सगळीकडे उणे एकने गुणलं तरी एकाही प्रयोगाचं भाकीत बदलत नाही: फलनं दोन, अवस्था एकच. मात्र दोन फटींच्या प्रयोगात त्या फटींमधून येणाऱ्या भागांपैकी एकाच भागाचं चिन्ह बदललं, तर पडद्यावरचे उजळ आणि काळे पट्टे जागा बदलतात. म्हणजे सापेक्ष कला (दोन भागांच्या फेज-मधला फरक) सोडून देता येत नाही.

आणखी एक: ‘मापन केल्यावर तरंगफलन कोसळतं’ हे वाक्य नकळत बाजू घेतं. मराठीत दरड कोसळते, भिंत कोसळते. कोसळायला आधी काहीतरी उभं असावं लागतं. अवस्था म्हणजे आपली माहिती, असं मानणारा ‘नवी माहिती मिळाल्यावर आपण अवस्था बदलून लिहितो’ असं म्हणेल. तरंगफलन खरंच काहीतरी उभं असतं, या पहिल्या मताला सत्तानिष्ठ आणि दुसऱ्याला ज्ञाननिष्ठ म्हणावं. ‘वास्तववादी’ म्हटलं की घोटाळा होतो, कारण कणाचं वास्तव मानूनही तरंगफलनाला माहिती समजता येतं.

यावर: मूळ वास्तव मानायचं, पण तरंगफलनाला माहिती समजायचं, या मधल्या वाटेलाच भौतिकशास्त्रज्ञ प्युझी, बॅरेट आणि रुडॉल्फ यांच्या २०१२ च्या प्रमेयाने अडवलं. एकच मूळ वास्तव दोन वेगळ्या शुद्ध (एकेका तरंगफलनाने मांडता येणाऱ्या) अवस्थांना सामाईक असू शकत असेल, तर स्वतंत्रपणे तयार केलेल्या प्रणालींवर एकत्रित मापन करताना, पुंजयामिकी ज्याची संभाव्यता शून्य सांगते असा निकाल कधीतरी यायला हवा. पण ‘स्वतंत्रपणे’ हे गृहीतक आहे. ते नाकारलं, किंवा मूळ वास्तवाची कल्पनाच नाकारली, तर प्रमेय लागू होत नाही. म्हणून ‘तरंगफलन खरं असल्याचं सिद्ध झालं’ असं लिहू नका. ‘या गृहीतकांखाली’ हे दोन शब्द हवेतच.