तीन दिवसांचे स्टॉकहोम: संग्रहालय एकच पाहावे की अनेक?

सांजवारा (धागाकर्ती)

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघे तीन दिवसांसाठी स्टॉकहोमला जाऊन आलो. परतल्यावर ज्यांना ज्यांना सहलीबद्दल सांगितले, त्या बहुतेकांनी पहिला प्रश्न हाच विचारला, की कोणकोणती संग्रहालये पाहिलीत? ‘एकच, वासा’ हे आमचे उत्तर ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर जी कीव उमटते, तिला उत्तर म्हणून हा धागा काढत आहे. तीन-चार दिवसांच्या शहरी सहलीत एकाहून अधिक संग्रहालये पाहू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जे पाहायचे ते आधी थोडे वाचून आणि निदान अर्धा दिवस देऊन पाहावे, आणि उरलेला वेळ पाण्याकाठी, बोटीत आणि रस्त्यांवर घालवावा.

वासा ही स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव्ह आडोल्फ याने बांधून घेतलेली ६४ तोफांची युद्धनौका. १० ऑगस्ट १६२८ रोजी ती पहिल्याच सफरीवर निघाली, जेमतेम १३०० मीटर गेली आणि बंदरातल्या लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाली. ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये, ती जवळजवळ अखंड वर काढण्यात आली. बाल्टिकच्या मचूळ पाण्यात लाकूड पोखरणारा जहाजकिडा जगत नाही, म्हणून ती टिकली. (आपल्याकडे घर फिरले की घराचे वासे फिरतात, येथे अख्खा वासाच फिरला.)

पहिला तासभर आम्ही सगळे जे करतात तेच केले, म्हणजे मंद उजेडात उभ्या असलेल्या त्या ६९ मीटर लांबीच्या काळसर लाकडी धुडाकडे माना वर करून पाहत राहिलो. तिसऱ्या तासाला एका काचपेटीपाशी थांबलो. आत जहाजावर सापडलेल्या सुतारांच्या लाकडी मोजपट्ट्या होत्या. अशा चार मिळाल्या असून त्यांपैकी दोन बारा इंचांच्या स्वीडिश फुटाच्या, तर दोन अकरा इंचांच्या आम्स्टरडॅमच्या फुटाच्या आहेत. एकाच जहाजावर दोन गट दोन वेगवेगळ्या ‘फुटां’नी काम करत होते, आणि जहाजाच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत! ती पेटी पाहून आम्ही पुन्हा पहिल्या मजल्यावर गेलो आणि तेच जहाज दुसऱ्यांदा पाहिले. त्याच दिवशी आणखी दोन संग्रहालयांची तिकिटे खिशात असती, तर त्या पेटीपर्यंत आम्ही पोहोचलोच नसतो.

सुटकेस

सहमत. आम्ही दोन दिवसांचा पास काढून सात संग्रहालये ‘केली’. पासाचे पैसे वसूल झाले, पण आता छायाचित्रे पाहताना कोणती वस्तू कोणत्या इमारतीत होती यावरून घरात वाद होतात. सहल कंपनीच्या माणसाने दिलेल्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक संग्रहालयापुढे ‘५० मिनिटे’ असे छापलेले होते. त्यांत रांग, कोट ठेवणे आणि स्वच्छतागृह हे सारे धरलेले होते.

ओळंबा

धागाकर्तीच्या मताबद्दल नंतर; आधी एक दुरुस्ती. मोजपट्ट्यांची गोष्ट आकर्षक असल्यामुळे ‘दोन फुटांमुळे जहाज बुडाले’ असा समज वाचकांचा होऊ शकतो. दोन्ही बाजूंतील फरक खरा आहे, पण बुडण्याचे मुख्य कारण तो नव्हे. तोफांचे दोन पूर्ण मजले चढवल्याने पाण्याच्या रेषेवरचा भाग फार जड झाला होता, आणि त्या मानाने तळ अरुंद होता. तळात आणखी दगड भरावेत, तर जहाज खाली बसून खालच्या रांगेतील तोफांची दारे पाण्याला टेकली असती. प्रत्यक्षात वाऱ्याच्या झोताने जहाज कलले आणि त्याच उघड्या दारांतून पाणी आत शिरले.

माझ्या दृष्टीने त्याहून बोलकी हकीकत सफरीपूर्वीच्या चाचणीची आहे. तीस माणसांना डेकवर एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे पळवण्यात आले. तीन फेऱ्यांतच जहाज इतके डोलू लागले की तेथेच उलटेल या भीतीने चाचणी थांबवावी लागली, आणि तरीही ते जहाज निघाले. पुढे चौकशी झाली, पण मुख्य बांधणारा आदल्या वर्षीच वारला होता आणि शिक्षा कोणालाच झाली नाही. कोणत्याही सरकारी पुलाच्या कामावर उमेदवारी केलेल्या अभियंत्याला हे सारे ओळखीचे वाटेल.

आता मत: सहमत. हे समजायला अर्धा दिवस लागतोच.

उत्तरध्रुव

मी सपशेल असहमत आहे, आणि हे मी कोपनहेगनमध्ये सहा वर्षे राहून, दर उन्हाळ्यात आणि दर नाताळात पाहुणे फिरवून लिहीत आहे.

पहिली गोष्ट ऋतूची. ‘उरलेला वेळ पाण्याकाठी’ हा सल्ला सप्टेंबरात जाणाऱ्याने सप्टेंबरात जाणाऱ्यालाच द्यावा. डिसेंबरात स्टॉकहोमचा सूर्य दुपारी तीनच्या आत मावळतो. मुंबईहून नाताळच्या सुटीत आलेले कुटुंब चार वाजल्यापासून काळोखात पाण्याकाठी काय पाहणार? अशा वेळी संग्रहालय ही शहरातली सर्वांत उबदार आणि उजेडाची जागा असते, आणि तेथे बसायला बाकही असतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ‘एकच, पण पूर्ण’ आणि ‘सात, पण धावत’ हे दोन्ही नियम मला एकाच मनोवृत्तीतून आलेले दिसतात, आणि ती म्हणजे तिकिटाचे पैसे वसूल करण्याची. एक जण संख्येने वसूल करतो, दुसरा तासांनी. पण संग्रहालयात शिरून एकच दालन पाहून पंचेचाळीस मिनिटांत बाहेर पडायला कोणाची हरकत आहे? कोपनहेगनमध्ये राजउद्यानाच्या कडेला डेव्हिड संग्रह नावाचे एक संग्रहालय आहे. एका वकिलाच्या राहत्या घरातून ते उभे राहिले आहे, इस्लामी कलेच्या संग्रहासाठी ते प्रसिद्ध आहे आणि तेथे प्रवेश विनामूल्य आहे. तेथील लघुचित्रांत मुघलांबरोबर आपल्या दख्खनी सुलतानांच्या दरबारांतील चित्रेही आहेत. लघुचित्रे उजेडाने फिकी पडतात, म्हणून ती एका छोट्या, अंधाऱ्या खोलीत टांगलेली असतात आणि त्यांच्याकडे नाक लावून पाहावे लागते. माझ्या सोलापूरच्या मामांनी तेथे एका दख्खनी चित्रापुढे वीस मिनिटे काढली, बाकीच्या मजल्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘ते कालचे पुन्हा पाहून येऊ’ म्हणाले. फुकट असल्यामुळे पुन्हा गेलोही. एका सहलीत असे चार-पाच वेळा तुकड्यातुकड्याने आत-बाहेर करण्यात काय बिघडले?

अवांतर: डेव्हिड संग्रहासह अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात. शनिवार-रविवार-सोमवार अशी सहल आखणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

मुक्कामपोस्ट

दोन्ही बाजूंच्या मंडळींबरोबर आजी-आजोबा किंवा लहान मुले नव्हती असे दिसते (उत्तरध्रुव यांचे मामा हा सन्माननीय अपवाद). आमच्यात नऊ वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांनी त्रस्त सासूबाई होत्या. त्यामुळे ‘आत’ आणि ‘बाहेर’ हा वादच आम्हाला परवडणारा नव्हता. आम्हाला स्कान्सेनने तारले. वासापासून ट्रामने दोन-तीन थांब्यांवर असलेले हे उघड्यावरचे संग्रहालय आर्तुर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये सुरू केले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून जुनी घरे, कोठारे, पवनचक्क्या सोडवून आणून तेथे टेकडीवर पुन्हा उभारलेल्या आहेत, आणि जगातील अशा प्रकारचे हे पहिले संग्रहालय मानले जाते. एका शेतघरात जुन्या पद्धतीचा पोशाख केलेली बाई चुलीवर पातळ, चपटी भाकरी भाजत होती. सासूबाई स्टुलावर बसून तिच्या उलथन्याकडे पाहत राहिल्या, आणि ‘पीठ सैल झालंय तिचं’ असा शेरा त्यांनी मराठीत मारला. मुलगी तेवढ्या वेळात अस्वले पाहून आली.

त्या दिवशी आम्ही संग्रहालय पाहिले की बाहेर फिरलो, हे धागाकर्तीने ठरवावे. सासूबाईंना विचाराल तर त्या दिवशी त्या एका घरी गेल्या होत्या.

शिडाचे तारू

मीही असहमत, पण उत्तरध्रुव यांच्या कारणाने नव्हे. ‘एकच’ हा नियम मला विचाराच्या दृष्टीने तोकडा वाटतो, कारण एक जहाज पाहून जहाज कळत नाही.

मी वासा पाहिले, पुढे कोपनहेगनहून आगगाडीने रोस्किल्डेला गेलो आणि शेवटी ओस्लोला ध्रुवीय मोहिमांवर गेलेले फ्राम हे जहाज पाहिले. रोस्किल्डेच्या संग्रहालयात वायकिंग काळातील पाच जहाजांचे सांगाडे आहेत. साधारण १०७० च्या सुमारास तेथील लोकांनी शत्रूला खाडीत शिरता येऊ नये म्हणून ती दगड भरून मुद्दाम बुडवली होती. १९६२ मध्ये ती हजारो तुकड्यांत वर काढली गेली. जे तुकडे मिळाले नाहीत त्यांची जागा धातूच्या पट्ट्यांनी फक्त आखून दाखवली आहे, त्यामुळे लाकूड कोठे संपते आणि अंदाज कोठे सुरू होतो हे आपल्याला डोळ्यांनी दिसते. त्यांच्यातले एक लांब युद्धजहाज ओक लाकडाच्या वर्षवलयांवरून डब्लिनजवळ बांधलेले असल्याचे ठरले आहे. एका राजाच्या हौसेपोटी चुकून बुडालेले जहाज पाहून आल्यावर, गावाने विचारपूर्वक बुडवलेली जहाजे पाहताना मला वासाचा अर्थ नव्याने लागला.

आणि फ्राम! वासामध्ये पाहुण्याला चढता येत नाही. ते योग्यच आहे. फ्रामवर मात्र चढता येते, खाली उतरता येते, आणि कमी उंचीच्या दारांना डोके आपटून घेता येते. बर्फाने दोन्ही बाजूंनी आवळले तर जहाज चिरडण्याऐवजी वर उचलले जावे, म्हणून त्याचा तळ गोलसर बांधलेला आहे. नॉर्वेचे ध्रुवसंशोधक नान्सेन यांनी १८९३ मध्ये ते मुद्दाम बर्फात अडकवले, ते तीन वर्षे बर्फाबरोबर वाहत राहिले आणि १८९६ मध्ये धडधाकट परतले. आमुंडसेन दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर गेले तेही याच जहाजातून. खोल्यांच्या भिंतींत थंडी अडवण्यासाठी नमदा, बूच आणि रेनडिअरचे केस यांचे थर भरलेले आहेत, आणि त्या खोल्या एका माणसाला जेमतेम पाय पसरता येतील एवढ्याच आहेत. वासावर आरमाराच्या वरिष्ठ अधिकाऱ्यासमोर तीस माणसे पळवली गेली आणि जे दिसले त्याकडे त्याने डोळेझाक केली, तर येथे बांधणाऱ्याने बर्फाशी भांडण न करण्याचे आधीच ठरवले होते. हा फरक एका संग्रहालयात कोठेही लिहिलेला नाही. तो मला तीन संग्रहालये पाहिल्यावर दिसला.

सांजवारा (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. ओळंबा यांची दुरुस्ती मान्य. मोजपट्ट्यांच्या मोहात मी कारण आणि खूण यांची गल्लत होऊ दिली.

ऋतूचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करते. डिसेंबरात गेले असते तर हा धागा काढलाच नसता. फुकट प्रवेशाबद्दलही उत्तरध्रुव बरोबर बोलत आहेत. तिकीट नसेल तर माणूस वस्तूकडे पाहतो, घड्याळाकडे नाही. मात्र वासाचे तिकीट स्वस्त नाही, आणि तेथे पंचेचाळीस मिनिटांत बाहेर पडण्याइतके मन मोठे करणे मला जमणार नाही. हा दोष माझा असेल.

स्कान्सेनला मी ‘बाहेर’च धरते, त्यामुळे माझा नियम अबाधित आहे.

शिडाचे तारू, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. आपण म्हणता ते खरे आहे, पण आपण तीन संग्रहालये तीन शहरांत, तीन देशांत पाहिलीत. प्रत्येक शहरात एकच, आणि तेही सावकाश पाहिलेत, म्हणजे माझाच नियम पाळलात. एका शहरात तीन दिवसांत जहाजाचे एक, चित्रांचे एक, गाण्यांचे एक आणि नोबेलचे एक असे जो पाहतो, त्याला आपल्याला दिसला तो फरक दिसेल का? माझे भांडण त्याच्याशी आहे. असो. फेब्रुवारीत ओस्लोला दोन दिवस जाण्याचे घाटते आहे. या धाग्यामुळे यादीत फ्राम घातले आहे, आणि फक्त फ्रामच.

शिडाचे तारू

अवश्य पाहा. फ्राम जेथे आहे त्या बिग्डॉयला हिवाळ्यात बसने जावे. एवढेच सांगून ठेवतो, की फ्रामच्या दारातून बाहेर आलात की अगदी शेजारीच कोन-टिकी आहे. १९४७ साली हायरडाल आणि त्यांचे सोबती १०१ दिवस प्रशांत महासागरात ज्यावर तरंगले तो बाल्सा लाकडाचा तराफा. नियम पाळायचा असेल तर बसथांब्यापर्यंत मान दुसरीकडे वळवून चालावे लागेल.

मुक्कामपोस्ट

फेब्रुवारीत तेथे जमिनीवर बर्फ असतो. मान समोरच ठेवा.