मदत हवी आहे: ऑनलाइन मेमरी कार्ड घेताना नकली कसं ओळखायचं?

शेवंती

जाणकारांनी कृपया मदत करावी. थोडं लांबण लावते आहे, पण त्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

बाबांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून ठेवाव्यात असं किती दिवस मनात होतं. अखेर मुहूर्त लागला. कॅमेऱ्यासाठी १२८ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड ऑनलाइन मागवलं. नावाजलेल्या कंपनीचं, निदान पाकिटावर तरी तेच नाव होतं. लॅपटॉपला लावलं तर ११९ जीबी दिसलं. तेव्हाच पाल चुकचुकली होती, पण म्हटलं असेल काहीतरी.

पाच दिवस रोज तासभर शूटिंग केलं. कॅमेऱ्याने एकदाही तक्रार केली नाही. सहाव्या दिवशी सगळं लॅपटॉपवर घ्यायला बसले तर पहिल्या दिवसाच्या क्लिपा छान, दुसऱ्या दिवसाच्या सुरुवातीच्या काही बऱ्या, आणि तिथून पुढे सगळा अंधार. फायलींची नावं दिसतात, साइज दिसते, उघडत मात्र एकही नाही.

हे कार्ड नकली आहे की नुसतं खराब? गेलेलं काही परत मिळेल का? आणि आता दुसरं मागवताना काय बघू? कारण याआधीही मी बघूनच घेतलं होतं. साडेचार तारे होते, खाली ढिगाने 'ओरिजिनल आहे, डोळे झाकून घ्या' लिहिलेलं होतं.

उंटावरचा

डोळे झाकूनच घेतलंत ना मग :) गंमत सोडा, पण वाईट वाटलं वाचून.

जुना रेडिओ

शेवंती, सर्वात आधी ते कार्ड कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेवा. त्यावर आता काहीही लिहू नका, फॉरमॅट तर मुळीच करू नका.

११९ जीबीची काळजी करू नका, त्यात लबाडी नाही. कंपन्या १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. त्यामुळे १२८ चं ११९ दिसतं, ६४ चं ५९.६, २५६ चं २३८. अस्सल कार्डातही हेच.

खरी लबाडी आत असते. कार्डात साठवणारी फ्लॅश चिप असते आणि तिच्यावर एक कंट्रोलर. 'माझ्यात इतकी जागा आहे' हे संगणकाला कंट्रोलर सांगतो. नकली माल करणारे लहान चिप घालतात आणि कंट्रोलरला मोठा आकडा सांगायला लावतात. संगणक, फोन, कॅमेरा, सगळे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतात. म्हणून प्रॉपर्टीजमध्ये बघून किंवा फॉरमॅट करून काही कळत नाही. फायलींची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे खऱ्या चिपवर असते, म्हणून नावं आणि साइज दिसत राहतात. खरी जागा संपली की पुढचा डेटा काही कार्डं गुपचूप टाकून देतात, तर काही पुन्हा सुरुवातीकडे येऊन जुन्यावरच लिहितात. तुमचं कार्ड पहिल्या जातीचं वाटतंय. एका अर्थी नशीब, नाहीतर पहिला दिवसही गेला असता.

आता क्रम महत्त्वाचा. ज्या क्लिपा चालतात त्या आधी कॉपी करा. मग फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवून बघा, सापडलेल्या फायली लॅपटॉपवर ठेवा, कार्डावर नको. मात्र आशा फार धरू नका. जे चिपवर लिहिलंच गेलं नाही ते कोणतंही सॉफ्टवेअर आणून देणार नाही.

हे सगळं झाल्यावर कार्ड रिकामं करून एच२टेस्टडब्ल्यू चालवा. विंडोजसाठी आहे, जुनं आहे, फुकट आहे. ते एकेक जीबीच्या फायली लिहीत पूर्ण कार्ड भरतं आणि मग प्रत्येक बाइट परत वाचून ताडून बघतं. लिनक्स किंवा मॅक असेल तर एफ३ वापरा, 'फाइट फ्लॅश फ्रॉड'चं लघुरूप. ही तपासणी आधी केलीत तर वाचण्यासारखं जे असेल त्यावरही पाणी फिरेल.

बोरकूट

+१. ताऱ्यांबद्दल माझं मत सांगते. लोक कार्ड मिळाल्यावर दोन दिवसांत पाच तारे देतात. तोवर त्यात वीस-पंचवीस फोटो असतात. १६ जीबीची चिप असलेलं कार्ड तोवर अगदी इमानदार वागतं! म्हणून मी एक तारावाले अभिप्राय आधी वाचते, आणि त्यातही 'काही महिन्यांनी फोटो उघडेनात' अशा अर्थाचं काही आहे का ते शोधते.

दुसरं म्हणजे साइट कोणती यापेक्षा विक्रेता कोण ते बघा. एकाच पानावर चार-पाच विक्रेते असतात आणि स्वस्तात देणारा आपोआप वर येतो. कंपनीचं स्वतःचं दुकान किंवा कंपनीच्या वेबसाइटवरच्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीतलं नाव असेल तरच मी घेते. तरी शंभर टक्के खात्री नाही, कारण गोदामात वेगवेगळ्या विक्रेत्यांचा माल एकत्र ठेवला गेला तर चांगल्याकडून मागवूनही वाईट हाती येऊ शकतं.

आणि आकडा वाचून हसू येतं का तेही बघा. मायक्रोएसडीमध्ये १ टीबीची कार्डं २०१९ मध्ये आली. एसडीएक्ससी या प्रकाराची मर्यादाच २ टीबी आहे. तरी '१६ टीबी एसडीएक्ससी' बिनदिक्कत विकायला असतं आणि लोक घेतातही.

टिंबटिंब

पाकीट, होलोग्राम, छपाईचा दर्जा यावरून ओळखता येतं ना? अक्षरं फिकट असतात, स्पेलिंग चुकलेलं असतं.

जुना रेडिओ

टिंबटिंब, अडाणी नकल असेल तर येतं. चांगली नकल पाकिटासकट येते. हार्डवेअर अभियंता 'बनी' हुआंग यांनी २०१० मध्ये संशयास्पद मायक्रोएसडी कार्डं अक्षरशः उघडून आतल्या चिपा तपासल्या होत्या. तेही नुसत्या छपाईवर थांबले नाहीत. प्रत्येक कार्डात सीआयडी नावाची नोंद असते, तिच्यात उत्पादकाचा क्रमांक, अनुक्रमांक, निर्मितीचा महिना असतं, तीही त्यांनी वाचली. लॅपटॉपच्या अंगच्या कार्ड स्लॉटमधून लिनक्सवर ती वाचता येते, यूएसबी रीडरमधून सहसा नाही. पण हा छंद झाला. सामान्य माणसाने कार्ड पूर्ण भरून तपासावं, बस.

टिंबटिंब

पटलं. एक उलटा अनुभवही लिहून ठेवतो. मी एकदा अस्सल कार्डाला नकली ठरवून भांडलो होतो. वर १७० एमबी प्रति सेकंद लिहिलेलं, मला मिळत होते जेमतेम ३५. शेवटी दोष माझ्या रीडरचा निघाला, तो यूएसबी २ चा होता. शिवाय ही कार्डं ज्या यूएचएस-१ वर (कार्ड आणि रीडरमधल्या देवाणघेवाणीची ठरलेली पद्धत) चालतात त्याचा वेग १०४ पर्यंतच, त्यापुढचा आकडा कंपनीच्या खास रीडरशिवाय दिसत नाही. आणि तो मोठा आकडा वाचण्याचा असतो. व्हिडिओसाठी यू३ किंवा व्ही३० ही खूण बघा, म्हणजे लिहिण्याचा वेग किमान ३०. खूप जुना रीडर ३२ जीबीच्या वरचं कार्ड ओळखतच नाही, तेव्हाही कार्डाला शिव्या देऊ नका.

शेवंती

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलं त्याच क्रमाने केलं. फोटोरेकला दुसऱ्या दिवसाची एक जास्तीची क्लिप मिळाली, बाकी नाही. मग तपासणी लावली. १४ जीबीच्या जरा पुढे गेल्यावर बाकी सगळं 'डेटा लॉस्ट'. म्हणजे १६ जीबीच्या कार्डाला १२८ चा मुखवटा.

उंटावरचा

मग १६ चं म्हणून वापरा की. फुकट का घालवायचं?

जुना रेडिओ

एफ३ मध्ये तशी सोय आहे, खऱ्या जागेपुरतंच पार्टिशन करून देतं. पण ज्याने आकडा खोटा छापला त्याने चिप तरी कुठली घातली असेल? मी गाणी ऐकायलाही वापरणार नाही. परत करा. तपासणीच्या निकालाचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा, 'नकली वाटतं' एवढंच लिहिलं की घोळ घालतात. परत करायची मुदत किती आहे तेही बघा. नवीन कार्डाची तपासणी त्या मुदतीतच उरकायची, पाकीट न फाडता जपून.

शेवंती

परत केलेल्या कार्डावरून बाबांच्या क्लिपा कुणी काढू शकेल का?

जुना रेडिओ

चांगला प्रश्न. तपासणीने सगळी खरी जागा भरून टाकली आहे, त्यामुळे जुनं आता त्यावर राहिलेलं नाही. त्या चाचणीच्या फायली तेवढ्या डिलीट करा.

शेवंती

अपडेट. स्क्रीनशॉट जोडल्यावर तक्रार लगेच मान्य झाली. नवीन कार्ड कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलं, तेही १२८ चंच. पूर्ण भरायला दीड तास, वाचून ताडायला अर्धा तास. एकही चूक नाही. आता रोज संध्याकाळी क्लिपा लॅपटॉपवर आणि एका हार्ड डिस्कवर काढते, कार्ड कितीही अस्सल असो.

बाबा पुन्हा बसायला तयार झाले, पण पहिल्यापासूनच सांगणार म्हणाले. काल माशाची गोष्ट झाली. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये मासा दोन हात लांब होता, काल चार हात झाला.

उंटावरचा

माशाची कपॅसिटीही तपासून घ्या. पहिल्या दिवसाची क्लिप शाबूत आहे ना?